घोडा उसना, गाणे घरचे

गेल्या नाताळात आमच्या धर्मग्रामातला एक तरुण माँट्रियलहून सुट्टीवर घरी आला होता. तेथे तो नोकरी करतो, बर्फाला विटला आहे आणि रविवारची मिस्सा फ्रेंच भाषेत ऐकतो, एवढे त्याच्या आईने आम्हांला आधीच सांगून ठेवले होते. घराला आशीर्वाद देण्यासाठी आम्ही गेलो, तेव्हा माजघरात जिम रीव्ह्जची ख्रिस्तजयंतीची गीते चालू होती. १९६४ साली विमान अपघातात गेलेला हा अमेरिकन गायक आमच्या लोकांच्या घरांतून अजून गेलेला नाही, हे सुज्ञ वाचकांना सांगायला नको. चहा झाल्यावर तो तरुण म्हणाला, "फादर, जिम रीव्ह्ज तुम्ही लहानपणापासून ऐकला. आता हा ऐका. जात तीच, भाषा फ्रेंच." आणि त्याने आपल्या मोबाइलवर एक जुने गाणे लावले.

गिटारचा दुडका ठेका, टापांची आठवण देणारी चाल आणि मधेच गळा खालच्या सुरातून एकदम वर उसळवण्याची ती लकब. फ्रेंच आमची भाषा नव्हे. परंतु सेमिनरीतल्या लॅटिनच्या पुण्याईने शब्दांची कुळे ओळखता येतात. 'शव्हाल' म्हणजे घोडा, 'शाँते' म्हणजे गाणे. गृहस्थ सांगत होता की, मी घोड्यावर बसून गातो. आम्हांला हसू आले. अमेरिकन सिनेमातल्या काऊबॉयची फ्रेंच नक्कल! तरुणाने गाणे थांबवले नाही. तो एवढेच म्हणाला, "हसू नका फादर. आमच्या घरमालकीणबाई हे गाणे लागले की डोळे पुसतात."

त्या वाक्याने आम्ही वरमलो. एकच गाणे एकाला हसवते आणि दुसऱ्याला रडवते, तेव्हा दोघांपैकी कोणाचा कान अपुरा आहे, हे समीक्षकाने तपासलेच पाहिजे. पुढचे कित्येक महिने सवड मिळेल तसे आम्ही त्या गायकाचे गाणे ऐकत, त्याच्या प्रदेशाविषयी वाचत राहिलो. त्याचे नाव विली लामोत.

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील फ्रेंचभाषिक समाजात अमेरिकन वळणाचे 'कंट्री' गीत ज्यांनी रुजवले, त्या मोजक्या मंडळींत विली लामोत अग्रभागी आहेत. २७ जानेवारी १९२० रोजी सँत्युग या खेड्यात त्यांचा जन्म झाला आणि १९ ऑक्टोबर १९९२ रोजी तेथून जवळच्याच सँतियासँत या शहरात देहान्त. या दोन गावांमधून यामास्का नदी वाहते. बहात्तर वर्षांचे आयुष्य, महाद्वीपभरच्या मोकळ्या माळरानांची गाणी आणि जन्ममृत्यूच्या नोंदी मात्र एकाच नदीच्या काठी.

सँतियासँत म्हणजे संत हायसिंथ यांच्या नावाचे शहर. माँट्रियलच्या पूर्वेस, सुपीक शेतीच्या मुलखात, बिशपांचे पीठ असलेले. कॅथलिक संगीताशी त्याचे नाते मोठे आहे. १८७९ साली काझाव्हाँ बंधूंनी तेथे ऑर्गन बांधण्याचा कारखाना काढला. माँट्रियलच्या नोत्र-दाम बॅसिलिकेत १८९१ साली बसवलेला प्रचंड ऑर्गन त्यांच्याच हातचा. ज्या गावात दिवसभर चर्चच्या ऑर्गनच्या नळ्या सुरात लावल्या जातात, त्या मुलखातला एक मुलगा हाती गिटार घेऊन, रुंद काठाची टोपी घालून, 'मी कॅनडाचा काऊबॉय' असे गात निघतो. बिशपांच्या शहराला हे कसे वाटले असेल, याची कल्पना आमच्यासारख्या धर्मगुरूला सहज करता येते. आमच्या अंगावरही तो झगा आहे.

तथापि लामोत यांच्याकडे वळण्यापूर्वी त्याच परिसरात जन्मलेल्या आणखी दोन माणसांना भेटणे आवश्यक आहे. त्यांच्याशिवाय या गायकाची किंमत कळत नाही.

पहिला एर्नेस्त द्यूफो. १८९२ साली सँ-नाझेर-दाक्तों या गावी जन्मला, पंधराव्या वर्षी घर सोडून पश्चिमेकडे गेला. घोडे, गुरे, तुरुंगवास, सारे भोगून तो अमेरिकेत विल जेम्स या नावाने लेखक व चित्रकार म्हणून गाजला. १९२६ साली आलेली त्याची 'स्मोकी' ही घोड्याची कथा अमेरिकन बालसाहित्याचे मोठे पारितोषिक मिळवून गेली. १९३० साली त्याने आत्मचरित्र लिहिले आणि त्यात आपला जन्म माँटाना राज्यात झाल्याचे सांगितले. मग इंग्रजीत फ्रेंच हेल का, असा प्रश्न येणार. म्हणून त्याने एक फ्रेंच-कॅनेडियन शिकारी कल्पिला आणि त्याने आपल्याला अनाथपणी वाढवले, असे लिहून टाकले. गाव, आईबाप, बाप्तिस्म्याचे नाव, मातृभाषा, सारे या माणसाने जगापासून दडवले. १९४२ साली तो वारला आणि पुढे पंचवीस वर्षांनी खरी हकिकत पुस्तकरूपाने बाहेर आली. काऊबॉय होण्यासाठी त्याने दिलेले मोल हे असे.

दुसरे आमच्याच पंक्तीतले. धर्मगुरू शार्ल-एमील गाद्बुआ, जन्म १९०६, सँतियासँतच्या सेमिनरीत संगीताचे शिक्षक. १९३७ साली क्वेबेक शहरात फ्रेंच भाषेची मोठी परिषद भरली, तिच्या प्रेरणेने त्यांनी 'ला बोन शाँसाँ' म्हणजे 'सद्गीत' नावाचा उद्योग सुरू केला. हेतू स्पष्ट होता. रेडिओवरून आणि तबकड्यांवरून अमेरिकन गाणी घराघरांत शिरत आहेत. भाषा बिघडते आहे, नीती बिघडते आहे. तर मग फ्रान्सची व कॅनडाची जुनी, स्वच्छ, घरात सर्वांनी एकत्र गावीत अशी गीते छापून शाळाशाळांतून पोचवावीत. प्रत्येकी पन्नास गीतांचे दहा संग्रह त्यांनी काढले. क्वेबेकच्या एका संपूर्ण पिढीने पियानोभोवती उभे राहून तीच गीते म्हटली. फादर गाद्बुआंचे श्रम थोर होते, याविषयी आमच्या मनात शंका नाही. सेमिनरीतल्या संगीतशिक्षकाने एकट्याच्या बळावर पाचशे गीते एका समाजाच्या ओठी बसवावीत, हे आपल्याकडच्या भक्तिगीतांच्या संपादकांनी किती वेळा मनात आणले असेल!

आता लामोत यांचे स्थान पाहा. द्यूफोने काऊबॉय होण्यासाठी फ्रेंच सोडली. गाद्बुआंनी फ्रेंच वाचवण्यासाठी काऊबॉयला दाराबाहेर ठेवले. १९४६ साली आर. सी. ए. व्हिक्टर कंपनीच्या तबकडीवर विली लामोत यांनी काऊबॉयला घरात बोलावून फ्रेंच बोलायला लावले.

हे त्यांना का सुचले असावे? क्वेबेकमध्ये माळरानावर गुरे हाकणारे स्वार नव्हते. तेथला शेतकरी लांबट, चिंचोळ्या शेतपट्टीचा मालक, हिवाळ्यात लाकूडतोडीला जाणारा, वसंतात मेपलच्या झाडांचा रस उकळणारा. म्हणून अनेक टीकाकारांनी हे गाणे मुळातच खोटे ठरवले. आम्हीही आधी तेच केले. पण अमेरिका त्या शेतकऱ्याला परकी नव्हती. १८४० ते १९३० या काळात सुमारे नऊ लाख फ्रेंच-कॅनेडियन लोक सीमा ओलांडून न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांत गेले. क्वचितच एखादे घर असे असेल, ज्यातला एखादा काका किंवा मावशी तिकडे नव्हती. शिवाय रेडिओला सीमा नसते. वेस्ट व्हर्जिनियातील व्हीलिंगच्या बलाढ्य केंद्रावरून शनिवारी रात्री कंट्री संगीताचा कार्यक्रम निघे आणि तो पूर्व कॅनडाच्या शेतघरांत ऐकू येई. १९५० पासून माँट्रियलच्या सी. के. ए. सी. केंद्रावरून संध्याकाळी सात वाजता आर्चबिशप लेझे यांच्यासोबत रोझरी होई आणि घरेच्या घरे गुडघे टेकत. तोच रेडिओ, तेच माजघर. रोझरी आणि गिटार एकाच पेटीतून येत असताना शेतकऱ्याच्या कानाला त्यांत भांडण वाटले नसावे. भांडण आम्हा पंडितांना वाटते.

अमेरिकन चालीचे गाणे कॅनडात गाणारे इंग्रजी गायक आधीपासून होते. नोव्हा स्कॉशियाचा विल्फ कार्टर १९३३ साली माँट्रियलमध्येच येऊन ध्वनिमुद्रण करून गेला होता. फ्रेंचमध्ये पहिला मोठा आवाज उठला तो एका शिपायाचा. आम्की गावचा रोलाँ लब्रँ, जन्म १९१९. दुसऱ्या महायुद्धात लष्करी छावणीत तो गिटार व माउथ ऑर्गन घेऊन गाऊ लागला आणि १९४२ साली त्याची तबकडी निघाली. तबकडीवर नाव 'शिपाई लब्रँ'. आईचा निरोप, प्रेयसीचा विरह, रात्रीची प्रार्थना, एवढेच त्याचे विषय. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सक्तीच्या लष्करभरतीवर कॅनडात सार्वमत झाले. देशाने मिळून होकार दिला. क्वेबेकने जवळजवळ तीन-चतुर्थांश मतांनी नकार दिला. अशा घुसमटीत असलेल्या घरांना लब्रँचा तो संथ, किंचित रडवेला आवाज आपला वाटला, यात आश्चर्य नाही. लामोत त्यांच्या मागोमाग आले. त्यांच्याच पिढीत ग्रांबीचे पॉल ब्रुनेल आणि ड्रमंडव्हिलचे मार्सेल मार्तेल. हे सारे गिरणीकामगारांच्या आणि शेतकऱ्यांच्या मुलखातले.

लब्रँ आणि लामोत एकापाठोपाठ ऐकले, तर लामोत यांची वेगळी प्रकृती ध्यानात येते. लब्रँच्या गाण्यात माणूस उभा राहून पाठमोऱ्या गाडीकडे पाहतो. लामोत यांच्या गाण्यात माणूस घोड्यावर आहे, चाललेला आहे, आणि मजेत आहे. तरुणपणी ते नृत्य शिकवीत, ही गोष्ट त्यांच्या ठेक्यातून लपत नाही. शब्द साधे, यमके हाताशी आलेली, कल्पना दोनचारच. सुरुवातीच्या गीतांत काव्य शोधायला जाल तर फसाल. घोडा, माळ, चंद्र, गिटार, एवढ्या भांडवलावर त्यांनी डझनभर गाणी उभी केली आणि त्यांतली अर्धी विसरण्याजोगी आहेत, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. काही ठिकाणी तर चाल आधी ठरली आणि शब्द मागून भरले, हे उघड दिसते. गाद्बुआंच्या संग्रहातील एखादे जुने फ्रेंच लोकगीत घ्यावे आणि त्याच्याशेजारी हे ठेवावे. भाषेच्या घडणीत लामोत उणे पडतात.

मग त्यांची ताकद कशात? आम्हांला वाटते, ती पहिल्या गाण्याच्या नावातच आहे. 'कॅनडाचा काऊबॉय' असे ते म्हणतात. द्यूफो जे दडवतो, ते लामोत पाटीवर लिहितात. मी ही टोपी उसनी आणली आहे, हे मला ठाऊक आहे, तुम्हांलाही ठाऊक आहे, आणि तरीही मी तुमच्याच बोलीत गाणार आहे. या सांगण्यात एक खेळकर प्रामाणिकपणा आहे. त्यांच्या साथीदारांच्या ताफ्याचे नाव 'माळरानाचे स्वार' असे होते, आणि तो ताफा मोटारीतून बर्फाच्या रस्त्यांवरून गावोगाव जात असे. गावजत्रेत गोविंदा होऊन नाचणाऱ्या मुलाला आपण खोटारडा म्हणत नाही. वेष आणि फसवणूक यांतला हा फरक खेडूत श्रोत्याला चटकन कळतो. शिकलेल्या माणसाला तो समजावून द्यावा लागतो.

आणि त्यांच्या सगळ्याच गाण्यांत घोडा नाही. 'आलो, आलो, पती मिशेल' हे त्यांचे अतिशय लोकप्रिय गाणे एका लहानग्या मिशेलला मारलेली हाक आहे. चाल अमेरिकन, लाड मात्र यामास्काकाठच्या घरातले. परक्या चालीवर आपल्या लेकराचे नाव चपखल बसले, की ती चाल परकी उरत नाही. हे आम्ही आता लिहितो आहोत खरे. परंतु हेच आम्हांला काही वर्षांपूर्वी कोणी सांगितले असते, तर आम्ही ऐकून घेतले नसते.

येथे थोडे स्वतःविषयी लिहिणे भाग आहे. आमच्या पहिल्याच धर्मग्रामात गायकवृंदातील दोन मुलांनी एका मराठी अर्पणगीताला कंट्री वळणाची चाल लावून आणली होती. गिटारवर ती त्यांनी आम्हांला म्हणून दाखवली. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर स्थानिक संस्कृतीचे वारे वाहत होते. पेटी, तबला, ओवी, अभंग यांच्या प्रेमात आम्ही नुकतेच पडलो होतो. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या क्रिस्तपुराणात ओवी कशी आपलीशी केली, यावर आम्ही त्या मुलांना अर्धा तास व्याख्यान दिले आणि ती चाल 'हॉटेलातली' म्हणून नाकारली. मुले काही बोलली नाहीत. त्यांतला एक पुढे गायकवृंदात आला नाही. लामोत ऐकताना आमच्या ध्यानात आले की, स्टीफन्स यांचा दाखला आम्ही उलटा दिला होता. त्या इंग्रज जेझुइटाला ओवी जन्माने कोठे मिळाली होती? ती त्याने उसनीच घेतली होती, आणि ज्या घरांतून ती रोज कानी पडत होती, तेथून घेतली होती. आमच्या मुलांच्या घरांतून काय कानी पडत होते, हे आम्ही विचारलेच नव्हते. जिम रीव्ह्ज त्यांच्या आजीलाही पाठ होता.

असो. पुन्हा क्वेबेककडे वळू.

१९६० साल तेथे मोठ्या वळणाचे ठरले. नवे सरकार आले, शाळा व रुग्णालये चर्चच्या हातून शासनाकडे जाऊ लागली आणि काही वर्षांतच चर्चची बाके रिकामी पडू लागली. त्या घडामोडींना तेथे 'शांत क्रांती' म्हणतात. या नव्या, शिकलेल्या, स्वाभिमानी क्वेबेकला स्वतःचे गाणे हवे होते. ते त्याला फेलिक्स लक्लेर आणि झील व्हीन्यो यांच्या काव्यमय गीतांत सापडले. दोघेही श्रेष्ठ, व्हीन्यो यांच्या गाण्यात तर उत्तरेचा बर्फच बोलतो. परंतु लक्लेर यांना घरच्यांनी मानले, ते १९५० साली पॅरिसने टाळ्या वाजवल्यानंतर. लामोत यांना पॅरिसच्या टाळ्यांची वाट पाहावी लागली नाही, कारण त्यांचा श्रोता पॅरिसकडे पाहत नव्हता. त्याची शिक्षा त्यांना मिळाली. क्वेबेकच्या बोलीत भडक, गावठी, हलक्या अभिरुचीच्या वस्तूंसाठी 'केतेन' असा एक शब्द आहे. आपण 'चीप' म्हणून नाक मुरडतो, तसा. कंट्री गाण्यावर तो शिक्का कायमचा बसला. गंमत अशी की, हा शब्द सँतियासँतमधल्याच एका गरीब कुटुंबाच्या आडनावावरून आला, अशी एक समजूत आहे. ती खरी असो वा नसो, हिणवण्याचा शब्द आणि हिणवला गेलेला गायक यांना एकाच गावात आणून सोडणारी लोकसमजूत आम्हांला अर्थपूर्ण वाटते.

चर्चला हे गाणे हलके वाटे, कारण ते अमेरिकन होते. नव्या बुद्धिवंतांना ते हलके वाटे, कारण ते जुन्या, चर्चला जाणाऱ्या, कमी शिकलेल्या माणसांचे होते. एकमेकांशी कशातही न पटणारे हे दोन पक्ष विली लामोत यांच्याविषयी मात्र एकमताचे होते. गायक आपला पॅरिश हॉलमध्ये, जत्रेत, हॉटेलात गात राहिला.

१९७० साली दूरचित्रवाणीने त्यांना हाक दिली. तेले-मेत्रोपोल या वाहिनीवर 'ल रांच आ विली', म्हणजे 'विलीचा रांच', हा कार्यक्रम १९७६ पर्यंत चालला. सोबत न्यू ब्रन्सविकचा कुशल गिटारवादक बॉबी हाशे. सजवलेला लाकडी देखावा, झगमगीत पोशाख, विनोद, पाहुणे गायक. यातील विनोद बरेचदा बाष्कळ होता आणि त्या कार्यक्रमाने त्यांच्यातल्या गायकाचे भले केले, असे आम्ही म्हणणार नाही. लोक विलींना पाहायला बसू लागले. ऐकणे मागे पडले. याच काळात, १९७१ साली, कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळातर्फे जाक लदुक आणि ल्युसियाँ मेनार यांनी त्यांच्यावर माहितीपट केला. बुद्धिवंतांचा कॅमेरा पहिल्यांदा गंभीरपणे त्या टोपीखालच्या चेहऱ्याकडे वळला होता.

त्यानंतर झील कार्ल या दिग्दर्शकाने त्यांना आपल्या चित्रपटांत घेतले. १९७३ च्या 'ला मोर दँ ब्युशरों', म्हणजे 'लाकूडतोड्याचा मृत्यू', या चित्रपटात लाकूडतोड्या बापाच्या शोधात शहरात आलेल्या तरुणीची कथा आहे. नायिकेचे नाव मारिया शापदलेन. लुई एमाँ यांच्या ज्या कादंबरीतील कष्टाळू, श्रद्धाळू मारिया क्वेबेकच्या कॅथलिक घरांत आदर्श मानली गेली, तिचेच हे नाव मुद्दाम ठेवलेले. लामोत त्यात वेस्टर्न गाण्यांचा क्लब चालवणाऱ्या, मारियाचा फायदा घेणाऱ्या इसमाच्या भूमिकेत आहेत. चित्रपट कुटुंबाने एकत्र पाहावा असा नाही, हे वाचकांना सांगून ठेवतो. परंतु भूमिकेची निवड मार्मिक आहे. जो वेष लामोत यांनी रंगमंचावर निरागसपणे मिरवला, त्याच वेषाचा धंदा कसा होतो, हे दाखवण्याचे काम त्यांच्याकडूनच करून घेतले गेले, आणि त्यांनी ते केले. स्वतःच्या प्रतिमेविरुद्ध असे उभे राहण्याचे धैर्य आपल्या थोड्याच लोकप्रिय कलावंतांत आढळते.

आमच्या मते त्यांचे सर्वोत्तम गाणे 'मील आप्रे मील', म्हणजे 'मैलामागून मैल'. शब्द झेरार जोली यांचे आहेत. येथे घोडा नाही, टोपी नाही, विनोद नाही. रस्ता आहे, एकटा माणूस आहे आणि मागे राहिलेले माणूस आहे. चाल इतकी साधी की दुसऱ्यांदा ऐकताना ती आपण गुणगुणू लागतो. तरुणपणीचा उसळता गळा येथे खाली बसला आहे. कोठेही सूर लांबवून श्रोत्याची दया मागितलेली नाही. लाकूडतोडीच्या छावणीकडे जाणारा, गिरणीच्या गावाकडे जाणारा, पुढे ट्रक हाकणारा, असे पिढ्यान्‌पिढ्यांचे क्वेबेकचे पुरुष या एका चालत्या माणसात मावतात. अमेरिकन कंट्री गीताचा जो गाभा, म्हणजे घरापासून दूर गेलेल्याचे घर, तो येथे पुरता क्वेबेकी झाला आहे. कथाकथनाने नामवंत झालेल्या फ्रेद पेलराँ या नव्या पिढीच्या कलावंताने हेच गाणे पुन्हा गायले, तेव्हा पूर्वी ज्यांनी 'केतेन' म्हणून नाक मुरडले होते, त्यांच्या मुलांनी ते मन लावून ऐकले.

आमच्या तरुणाच्या घरमालकीणबाई ज्या गाण्याला डोळे पुसतात, ते हे नव्हे. ते घोड्याचेच गाणे. आम्ही मुद्दाम फोन करून त्याला विचारले. त्याने बाईंना विचारले. त्यांचे वडील शनिवारी रात्री स्वयंपाकघरात ते गाणे म्हणत आणि खुर्चीवर उलटे बसून घोडा करीत, असे त्यांनी सांगितले. समीक्षेने कितीही माप लावले, तरी या खुर्चीला ते लागू पडत नाही.

सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस पक्षाघाताने लामोत यांचा गळा थांबला. शेवटची वर्षे त्यांनी सार्वजनिक जीवनापासून दूर काढली. मधल्या काळात क्वेबेकमध्ये कंट्री गाण्याचा पसारा वाढतच होता. सँ-तीत या सुमारे चार हजार वस्तीच्या गावी चामड्याच्या बुटांच्या कारखानदारांच्या पुढाकाराने १९६७ साली सुरू झालेल्या वेस्टर्न उत्सवाला आज दर सप्टेंबरात लाखो लोक लोटतात. मार्सेल मार्तेल यांची कन्या रने हिने बालपणीच आईवडिलांसोबत गायला सुरुवात केली होती आणि २०२१ साली ती वारली, तेव्हा शिकलेल्या मंडळींनीही तिला मोठ्या मानाने निरोप दिला. पित्याला तो मान क्वचितच मिळाला होता.

फादर गाद्बुआंची अखेर सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. आपल्या सद्गीतांना घर मिळावे म्हणून त्यांनी १९५४ साली माँट्रियलमध्ये स्वतःचे रेडिओ केंद्र काढले. त्याचे नाव सी. जे. एम. एस. ही चार अक्षरे 'कॅनडा, मला स्मरण आहे' या फ्रेंच वाक्याची आद्याक्षरे होती. पुढच्याच वर्षी 'ला बोन शाँसाँ' त्यांच्या हातून जाऊन एका बंधूसंघाकडे गेले. १९८१ साली ते वारले. केंद्र इतरांच्या मालकीत लोकप्रिय संगीत लावीत राहिले आणि १९९४ साली बंद पडले. ती चार अक्षरे मोकळी झाली होती. काही वर्षांनी माँट्रियलजवळच्या सँ-काँस्ताँ येथे एक लहानसे केंद्र निघाले, त्याने तीच अक्षरे घेतली. ते केंद्र फ्रेंच कंट्री गाणी लावीत असे.